पाठमोऱ्या चोरावर गोळी : टेनेसी विरुद्ध गार्नर

पळणाऱ्या संशयितावर पोलिसांनी गोळी कधी झाडावी या विषयावर आपल्याकडे वाद सुरू झाला की सगळे घटनेतच अडकतात. तो खरंच पळत होता का, त्याने पिस्तूल हिसकावलं का, आधी कोणी झाडली, आणि मग कायदा काय म्हणतो तिथपर्यंत गाडी पोचतच नाही. म्हणून मी मुद्दाम असं प्रकरण घेतलंय ज्यात घटनेबद्दल जवळजवळ वादच नव्हता. गोळी झाडणाऱ्या पोलिसाने शपथेवर सांगितलं की मला त्याच्याकडे हत्यार दिसलं नाही, तो निःशस्त्र असावा असंच मला वाटलं, पण कुंपण ओलांडलं असतं तर तो हाती लागला नसता म्हणून मी झाडली. एवढंच. बाकी सगळी भांडाभांडी कायद्यावर झाली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २७ मार्च १९८५ ला त्यावर निकाल दिला आणि पळणाऱ्यावर गोळी या विषयात आजही जगभर सगळ्यात आधी नाव निघतं ते याच निकालाचं.

त्या रात्री काय झालं

३ ऑक्टोबर १९७४, टेनेसी राज्यातलं मेम्फिस शहर, रात्रीचे साधारण पावणेअकरा. एका घरात कोणीतरी घुसलंय असा कॉल आला आणि एल्टन हायमन आणि लेस्ली राइट हे दोन पोलीस तिथे पोचले. शेजारची एक बाई आपल्या घराच्या ओट्यावर उभी होती आणि हाताने बाजूच्या घराकडे दाखवत होती, काच फुटल्याचा आवाज आला म्हणाली, आत एकजण आहे का जास्त आहेत हे तिलाही धड माहीत नव्हतं. राइट वायरलेसवर पोचल्याचं कळवत होता तोवर हायमन घराला वळसा घालून मागे गेला. दार आपटल्याचा आवाज झाला आणि परसातून कोणीतरी धावत सुटलं.

परसाच्या टोकाला तारेच्या जाळीचं ६ फुटी कुंपण होतं. पळणारा तिथे जाऊन अडला आणि कुंपणाच्या बुडाशी दबून बसला. हायमनने टॉर्च मारला, चेहरा दिसला, दोन्ही हात दिसले, हातात काही दिसलं नाही. वय १७-१८ असेल, उंची ५ फूट ५ ते ७ इंच, असा त्याचा अंदाज. 'पोलीस, थांब' असं ओरडून तो काही पावलं पुढे गेला. मुलगा कुंपणावर चढायला लागला. आता हा पलीकडे गेला की गेलाच, असं वाटून हायमनने गोळी झाडली. ती डोक्याच्या मागच्या बाजूला लागली. अँब्युलन्सने हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन टेबलावर तो गेला.

एडवर्ड गार्नर, वय १५, आठवीत शिकणारा, उंची ५ फूट ४ इंच, वजन जेमतेम ५० किलो. अंगावर सापडलं काय, तर त्या घरातली एक पर्स आणि १० डॉलर. घरमालकाने नंतर साक्षीत सांगितलं की एका खोलीतले सगळे ड्रॉवर बाहेर ओढलेले होते, सामान जमिनीवर पसरलेलं होतं, पण किमती वस्तूंना हात लागलेला नव्हता, पर्स आणि पैसे सोडून बायकोची एक अंगठी तेवढी गायब होती. ती अंगठी कधीच मिळाली नाही. गार्नर कृष्णवर्णीय होता आणि हायमनही कृष्णवर्णीयच, हे आधीच सांगून ठेवतो, कारण अमेरिकेतलं पोलीस प्रकरण म्हटलं की आपण एक ठरलेलं चित्र डोक्यात धरून वाचायला लागतो. कोर्टाने हे प्रकरण वंशभेदाचं म्हणून सोडवलेलं नाही.

पोलिसाचं खरं बोलणं

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू का, तर हायमनची साक्ष. हत्यार असेल अशी शंका आली का असं विचारल्यावर त्याने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की उजेडात मी उभा होतो, त्याच्याकडे काही असतं तर त्याने स्वतःला वाचवायला काहीतरी केलं असतं, त्याने काही केलं नाही म्हणजे नसावंच. माणूस विचार करून बोलतोय आणि तो विचार त्याच्याच विरोधात जातोय.

आता कल्पना करा, 'त्याच्या हातात काहीतरी चमकलं' एवढं एकच वाक्य त्याने घातलं असतं तर? प्रकरण तिथेच संपलं असतं. मुलगा तर बोलायला उरला नव्हता, राइट घराच्या पुढच्या बाजूला होता, मागच्या परसात साक्षीदार कोणीच नाही. ते वाक्य त्याने घातलं नाही, आणि त्याचं कारण तो संत होता असं मी म्हणत नाही. त्याला ते घालायची गरजच नव्हती. टेनेसीचा तेव्हाचा कायदा असं सांगत होता की अटक करतोय असं कळवल्यावर आरोपी पळाला किंवा त्याने जोर करून विरोध केला तर अटकेसाठी लागतील ती सगळी साधनं अधिकाऱ्याला वापरता येतील. मेम्फिस पोलीस खात्याचा स्वतःचा नियम यापेक्षा थोडा कडक होता पण घरफोडीत गोळी चालायची. म्हणजे नियमात बसत होतं, तो खरं बोलला. खात्याच्या गोळीबार आढावा मंडळाने पाहिलं, काही कारवाई नाही. ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे गेलं, तिथेही काही नाही.

हे पुढे आपल्याकडच्या प्रकरणांशी लावून बघायचंय म्हणून लक्षात राहू द्या. कायदा ढिला होता म्हणून खरी घटना कागदावर आली, आणि खरी घटना कागदावर आली म्हणून कायद्याला आव्हान देता आलं.

कोर्टाकोर्टातून साडेदहा वर्षं

मुलाच्या वडिलांनी फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टात दावा लावला. हा फौजदारी खटला नाही, हे नीट धरून ठेवा, कारण 'गार्नर निकालाने पोलिसाला शिक्षा झाली' असं मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. हा नागरी हक्कांच्या भंगाबद्दल नुकसानभरपाईचा दावा होता, हायमन, खातं, शहर वगैरेंवर. खालच्या कोर्टात तीन दिवस सुनावणी होऊन दावा फेटाळला गेला. अपिलात हायमन सुटला, म्हणजे त्या वेळच्या कायद्यावर विसंबून त्याने सद्हेतूने काम केलं म्हणून त्याच्यावर वैयक्तिक जबाबदारी नाही, पण शहराबाबत परत विचार करा म्हणून प्रकरण खाली पाठवलं कारण १९७८ साली महापालिकांच्या जबाबदारीबद्दल नवा निकाल आला होता. खालचं कोर्ट पुन्हा नाहीच म्हणालं. मग १९८३ मध्ये अपील कोर्टाने सरळ सांगितलं की कायद्याचं हे कलमच घटनेत बसत नाही. तेव्हा राज्य सरकार कलम वाचवायला सुप्रीम कोर्टात गेलं. म्हणून नाव 'टेनेसी विरुद्ध गार्नर'.

निकाल ६ विरुद्ध ३. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिला.

व्हाइट यांनी काय केलं

पहिली पायरी ऐकायला विचित्र वाटते पण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. अमेरिकेच्या घटनेतली चौथी दुरुस्ती म्हणते की सरकारने माणसाला अवाजवीपणे पकडायचं नाही. व्हाइट म्हणाले गोळी घालून मारणं हेही पकडणंच आहे, आणि यापेक्षा टोकाचं पकडणं दुसरं नाही. तेव्हा 'अटक करायला पुरेसं कारण होतं का' एवढा प्रश्न पुरत नाही, ज्या पद्धतीने पकडलं ती वाजवी होती का हेही बघावं लागेल. एका पारड्यात माणसाचा जीव, दुसऱ्यात गुन्हेगार हाती लागावा ही समाजाची गरज. आणि मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, म्हणजे न्याय व्हावा म्हणून पकडायचं तर मारून तो हेतूच बुडतो.

राज्याचं म्हणणं होतं की हा नियम शेकडो वर्षांचा आहे, इंग्लंडच्या जुन्या कायद्यापासून मोठ्या गुन्ह्यातल्या पळणाऱ्या आरोपीला मारायची मुभा आहे, मग आज अचानक अवाजवी कसा? यावरचं उत्तर मला निकालातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. त्या काळी मोठ्या गुन्ह्यांना जवळपास सगळ्यांनाच फाशी होती, म्हणजे पळणाऱ्याला मारलं तरी पुढे होणार होतं तेच आधी झालं असं म्हणायला जागा होती. आज त्याच यादीतल्या बहुतेक गुन्ह्यांना काही वर्षं तुरुंगवास आहे, शिवाय यादी इतकी फुगलीय की कागदोपत्री अफरातफर करणारा तिच्यात येतो आणि दारू पिऊन रस्त्यावर गाडी पळवणारा कधीकधी येत नाही, मग यातला धोकादायक कोण? आणि दुसरं, त्या काळच्या शिपायाकडे पिस्तूल नव्हतं. मारायचं म्हणजे जवळ जाऊन झटापट करायची, त्यात त्याचाही जीव धोक्यात. लांबून, पाठमोऱ्या माणसाला, स्वतःला काहीही धोका नसताना मारता येणं ही नंतरची सोय आहे, जुना नियम तिच्यासाठी बनलेलाच नव्हता. जुनी परंपरा जशीच्या तशी उचलली की ती जुनी राहत नाही, नवीनच काहीतरी होऊन बसते, हे व्हाइट यांनी दोन-चार परिच्छेदात दाखवलंय.

मग नियम. संशयितापासून अधिकाऱ्याला किंवा इतरांना गंभीर शारीरिक इजेचा धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल तरच जीवघेणा बळाचा वापर चालेल. त्याने हत्यार रोखलं असेल, किंवा त्याने केलेला गुन्हाच मुळात कोणाला गंभीर इजा करण्याचा किंवा तशी धमकी देण्याचा असेल, तर पळून जाऊ नये म्हणून गोळी झाडता येईल, तीही दुसरा उपाय नसताना आणि शक्य असेल तिथे आधी इशारा देऊन. निःशस्त्र आणि निरुपद्रवी माणूस पळतोय, एवढ्यावर नाही. सगळे संशयित निसटण्यापेक्षा सगळे मेलेले बरे असं होत नाही, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य खूप उद्धृत होतं.

बघा, निकाल 'पळणाऱ्यावर गोळी नको' असं म्हणत नाही. बँकेत दोघांना गोळ्या घालून पळणारा पाठमोरा असला तरी या नियमात बसतो. पाठमोरा आहे का तोंड करून उभा आहे हा प्रश्नच नाही, तो निसटला तर लोकांना काय भोगावं लागेल हा प्रश्न आहे.

ओ'कॉनर यांचा विरोध, आणि तो हलका नाही

विरोधी मत न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांचं, सोबत सरन्यायाधीश बर्गर आणि न्यायमूर्ती रेन्क्विस्ट. आपल्याकडे विरोधी मत सहसा कोणी वाचत नाही, इथे वाचायलाच हवं.

दोन्ही बाजूंनी आकडे एकाच सरकारी अहवालातून घेतलेत, न्याय खात्याचा घरफोडीवरचा अहवाल, १९७३ ते १९८२ ही दहा वर्षं. व्हाइट म्हणाले त्यात बघा, घरफोडीच्या घटनांपैकी फक्त ३.८ टक्क्यांत हिंसा झाली, तेव्हा घरफोड्या म्हणजे आपोआप धोकादायक माणूस असं धरता येत नाही. ओ'कॉनर म्हणाल्या त्याच दहा वर्षांत घरफोडीच्या ओघात २८ लाख हिंसक गुन्हे झाले, घरात होणाऱ्या बलात्कारांपैकी आणि लुटीपैकी प्रत्येकी तीन पंचमांश घरफोड्यांनी केलेले आहेत, आणि तुम्ही याला मालमत्तेचा गुन्हा म्हणून बाजूला काढता? दोन्ही आकडे खरे. फक्त भागायचं कशाने यात फरक. घरफोड्याकडून सुरुवात केली तर धोका छोटा दिसतो, रात्री घरात झोपलेल्या बाईकडून सुरुवात केली तर प्रचंड दिसतो.

त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. हायमनला त्या क्षणी काय माहीत होतं? घरात कोणी होतं का, त्याचं काय झालं, आत अजून कोणी आहे का, काहीच नाही. पळणारा मुलगा १० डॉलर चोरून पळतोय का आत कोणाला तरी मारून पळतोय हे त्याला कळायला मार्ग नव्हता. १० डॉलर आपल्याला माहीत आहेत, ते नंतर सापडले. आणि संशयिताच्या जिवाची किंमत मान्य करूनही त्या म्हणतात की घरफोडीच्या जागेवरून बिनधोक पळून जाण्याचा हक्क त्यात येत नाही, थांबला असता तर वाचला असता.

माझं मत विचाराल तर व्हाइट बरोबर आहेत, पण आकड्यांमुळे नाही. माहीत नसणं हे सबळ कारण होऊ शकत नाही म्हणून. 'आत काय झालं असेल कोणास ठाऊक' यावर गोळी चालणार असेल तर प्रत्येक पळणाऱ्यावर चालेल, कारण पळणाऱ्याबद्दल आपल्याला नेहमी कमीच माहीत असतं. 'थांबला असता तर वाचला असता' हे वाक्य तर घाबरून पळणाऱ्या कोणालाही लावता येतं.

नंतर

पुढचं भराभर सांगतो. टेनेसीने आपलं कलम बदलून निकालाशी जुळवून घेतलं. १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर निकालात कोर्टाने म्हटलं की बळाचा वापर वाजवी होता का हे त्या जागेवरच्या अधिकाऱ्याच्या नजरेतून बघायचं, नंतर आरामात बसून नाही, आणि तेव्हापासून पोलिसांच्या वकिलांचा भर गार्नरपेक्षा ग्रॅहमवर. २००७ मध्ये स्कॉट विरुद्ध हॅरिस, भरधाव पळणाऱ्या गाडीला पोलिसाने मागून धडक दिली, चालक मानेखाली कायमचा लुळा पडला, कोर्टाने पोलिसाची बाजू घेतली आणि गार्नर म्हणजे काही जादूचं बटण नाही असं सुनावलं. गाडी पळवणाऱ्यात आणि कुंपण चढणाऱ्यात फरक आहे हे पटतं, पण निकालाची धार तिथून बोथट होत गेली हेही खरं.

२०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ चार्ल्सटनला एका पोलिसाने पळणाऱ्या निःशस्त्र माणसाला पाठीत गोळ्या घातल्या आणि त्याने माझी टेझर गन (विजेचा झटका देणारी) हिसकावली असं सांगितलं. रस्त्यावरच्या एका माणसाने सगळं मोबाइलवर शूट केलं होतं. त्या पोलिसाला फेडरल कोर्टात २० वर्षं शिक्षा झाली. हायमनने जे वाक्य घातलं नव्हतं तसलंच वाक्य इथे आलं. गार्नरनंतर 'तो पळत होता' एवढं पुरत नाही हे पोलिसाला माहीत असतं, मग वर काहीतरी जोडावं लागतं.

हेच आपल्याकडे झालं असतं तर

समजा तीच रात्र नाशिकच्या एखाद्या कॉलनीत. आपल्याकडे २०२४ पर्यंत अटकेचं कलम होतं सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४६; आधी त्याच जुन्या कायद्यांनी बघू. पोटकलम २ जवळपास टेनेसीसारखंच, विरोध केला किंवा निसटायला बघितलं तर अटकेसाठी आवश्यक ती सगळी साधनं वापरता येतील. पण लगेच पोटकलम ३ आहे. ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घेण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही. रात्री घरफोडी करून चोरी, भादंवि (तेव्हाची भारतीय दंड संहिता) ४५७, जास्तीत जास्त १४ वर्षं. जन्मठेप नाही. म्हणजे गार्नरवर गोळी झाडून जीव घेणं या कलमात बसतच नाही, विषय संपला. आणि हे पोटकलम १८९८ च्या इंग्रजांच्या संहितेतही होतं, तेव्हा 'जन्मठेप'च्या जागी काळं पाणी. अमेरिकन सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये ज्या मुलाला कायद्याने वाचवलं त्याला आपल्या कागदावर ८७ वर्षं आधीच संरक्षण होतं. हे वाचून छाती फुगवायला हरकत नाही, पण दोन मिनिटंच.

कारण आपलं कलम धोका बघत नाही, शिक्षा बघते. खोटं मृत्युपत्र बनवणं, भादंवि ४६७, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. सरकारी नोकराने सरकारी पैशाचा अपहार, ४०९, तेच. आता ट्रेझरीतला एखादा पन्नाशीचा कारकून पैसे खाऊन पळतोय, पोलीस मागे, आणि पोटकलम ३ ची भिंत त्याच्यासाठी नाही. गार्नरच्या नियमात त्याच्यावर गोळी झाडणं विचारातही येणार नाही. व्हाइट यांनी ज्या यादीवर टीका केली तीच आपल्याकडे दुसऱ्या नावाने बसलीय. पोटकलम ३ काही परवाना देत नाही हे खरं, 'आवश्यक' हा शब्द पोटकलम २ मध्ये आहेच, कलम ४९ म्हणतं पळू नये म्हणून लागेल त्यापेक्षा जास्त बंधन घालायचं नाही, वर घटनेचं कलम २१, जगण्याचा हक्क, आहे. पण धोक्याचा प्रश्न कलमात लिहिलेला नाही, तो कोर्टाने प्रत्येक वेळी बाहेरून आणायचा.

कोणीतरी म्हणेलच की रात्रीच्या घरफोडीत तर घरमालकालाही जीव घेता येतो. येतो, खाजगी बचावाचं कलम १०३ तसं म्हणतं, पण १०५ म्हणतं की घरफोडीने सुरू झालेलं गृहअतिक्रमण चालू असेपर्यंतच. चोर कुंपणावर चढून बाहेर पडायला बघतोय तेव्हा तो आधार ओढून-ताणून आणावा लागेल.

आता गंमत अशी की आपल्याकडच्या चकमकींत पोलीस कलम ४६ वर उभेच राहत नाहीत. आरोपी पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळाला अशी बातमी रोज असते, पण पळताना मेला अशी बातमी आली की त्यात हमखास एक वाक्य असतं, त्याने आधी फायरिंग केलं, पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिलं. कारण पळण्याचा बचाव अवघड, गुन्हा कोणता, दुसरा उपाय होता का, सगळं सांगावं लागतं. स्वसंरक्षणात एक पिस्तूल आणि पोलिसाच्या हाताला लागलेली एखादी गोळी दाखवली की बराचसा भाग झाला. आपला कायदा गार्नरला वाचवतो, आणि म्हणूनच आपल्याकडे हायमनसारखी साक्ष कागदावर येत नाही.

हैदराबादचं २०१९ चं प्रकरण बघा. पशुवैद्यक तरुणीवर बलात्कार आणि खून, चार आरोपी, ६ डिसेंबरला पहाटे त्यांना घटनास्थळी नेलं आणि चौघेही मारले गेले. पोलिसांचं म्हणणं, पिस्तुलं हिसकावली, गोळ्या झाडल्या, पळाले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. गुन्हा फाशीच्या शिक्षेचा, म्हणजे पोटकलम ३ ची अडचण नाही, पळत होते एवढं म्हणून भागवायला बघता आलं असतं, तरी पिस्तुलं आणि गोळ्या गोष्टीत आल्याच. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या नागपूरकडचे, आणि मुंबई हायकोर्टाच्या माजी न्यायमूर्ती रेखा बलदोटा एक सदस्य. २०२२ मध्ये अहवाल बाहेर आला. हत्यारं हिसकावणं, पळण्याचा प्रयत्न, गोळीबार, यातलं काहीच त्या चौघांनी केलेलं नाही, पोलिसांची गोष्ट रचलेली आहे, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा, असं आयोग म्हणाला. चौघांतले तिघे अल्पवयीन होते हेही. म्हणजे कायद्याच्या प्रश्नापर्यंत पोचायची वेळच आली नाही, घटनाच खोटी निघाली.

२०१४ च्या पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या सुप्रीम कोर्टाच्या निकालातले १६ निर्देश याच अडचणीवरचे आहेत. १९९५ ते १९९७ मधल्या मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकी आणि साधारण १३५ मृत्यू यावरून ते प्रकरण निघालं. एफआयआर नोंदवा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, चकमकीनंतर लगेच बढती आणि शौर्यपदक नको. जवळजवळ सगळे निर्देश गोळी झाडल्यानंतर काय करायचं याचे. झाडायची कधी, हे पळणाऱ्याच्या बाबतीत धोक्याच्या भाषेत त्यात कुठे नाही.

आणि ते लिहायची संधी आली होती. २०२३ मध्ये सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता मंजूर झाली, अटकेचं कलम ४६ आता ४३ झालं. ४३(३) म्हणून बेड्या कोणाला घालायच्या याचं नवं पोटकलम घातलं, दहशतवाद, अमली पदार्थ, खून, बलात्कार अशी बरीच लांब यादी देऊन, म्हणजे बेड्या घालायच्या तर गुन्ह्याचं स्वरूप बघा एवढा विचार कोणीतरी बसून केला. त्याच्या खालच्या ओळीत, ४३(४) मध्ये, जीव घ्यायचा तर काय बघा, तर फाशी किंवा जन्मठेप. १८९८ चं वाक्य, फक्त काळं पाणी तेवढं मधे गेलं, १ जुलै २०२४ पासून पुन्हा लागू.